ताटातली घट

मंडळी, आपल्या नाशिक जिल्ह्यात कांद्याची चाळ म्हणजे काय ते कोणाला सांगायला नको. उन्हाळ कांदा निघतो, तो निवडून, वाळवून चाळीत भरतात. मग बरा भाव येईल तेव्हा ट्रॅक्टर भरून लासलगावला नाहीतर पिंपळगावला न्यायचा. शंभर क्विंटल भरला म्हणून शंभर क्विंटल निघत नाही. काही वाळतो, काही सडतो, काहीला कोंब फुटतात. चार-पाच महिन्यांत पाव हिस्सा गेला तरी नवल नाही. पावसाळा दमट गेला तर त्याहून जास्त जातो. याला आपण घट म्हणतो. कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, "यंदा घट किती आली?" तो उभ्या उभ्या सांगेल.

आता त्यालाच दुसरा प्रश्न विचारा. "काल रात्री घरात पाच माणसे जेवली. ताटात किती उरले?" तो म्हणेल, "गुरुजी, आमच्याकडं काही वाया जात नाही बघा."

हे उत्तर मी पुष्कळ वेळा ऐकले आहे. माणूस खोटे बोलत नसतो. त्याला माहीत नसते, एवढेच. चाळीतली घट कळते, कारण भरताना वजन होते आणि काढतानाही वजन होते. ताटाचे वजन कोणी करीत नाही. जे मोजले जात नाही ते दिसत नाही.

हे मोजायला मुलांना कसे शिकवावे, ते आज सांगतो. मुलांचे नाव घेतो, कारण त्यांच्या हातात वही-पेन्सिल असते. पण ती आता तुमच्याही हातात आलेली आहे. नुकतेच लिहायला शिकलेल्या माणसाला सहीशिवाय आणखी काहीतरी कामाचे लिहायला हवे असते. तर हे घ्या.

मोजायचे म्हटले, की लोक म्हणतात, घरात काटा कुठे आहे? काटा नको. आपल्या भाषेत मापे आहेत. अर्धी भाकर, चतकोर भाकर. चतकोराचे अर्धे केले की नितकोर. भाताला मूठ, आमटीला वाटी, भाजीला पळी. आपल्या आजीने याच मापांवर जन्मभर घर चालवले. मुलाने वहीत "चतकोर" एवढा एक शब्द लिहिला तरी मोजणी झाली.

आता हा चतकोर किती मोठा असतो ते पाहू. एका माणसाने रोज चतकोर भाकर टाकली असे धरा. वर्षाचे दिवस ३६५. चार चतकोरांची एक भाकर. म्हणजे वर्षाला ९१ भाकरी झाल्या. एका मोठ्या भाकरीला साधारण १०० ग्रॅम पीठ लागते. ९१ भाकरींना नऊ किलोच्या वर पीठ झाले. आता रेशनचे धान्य आठवा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते. म्हणजे एका माणसाच्या रोजच्या एका चतकोरात त्याचे जवळजवळ दोन महिन्यांचे रेशन गेले. घरात पाच माणसे असतील तर पाचाने गुणा. मी इथे गुणून दाखवीत नाही. गुणाकार तुम्हांला आला पाहिजे.

आता शाळेकडे वळू. शाळेतली खिचडी तुम्हांला माहीत आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही योजना देशात सुरू झाली. आधी मुलांना महिन्याला तीन किलो धान्य घरी नेण्यासाठी देत. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की मुलांना शिजवलेले अन्न द्या. मग शाळाशाळांत चुली पेटल्या. २०२१ पासून योजनेचे नाव प्रधानमंत्री पोषण असे झाले. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम. शिवाय डाळ, भाजी, तेल.

याचा हिशेब शाळेला काटेकोर ठेवावा लागतो. किती मुले जेवली, किती तांदूळ शिजला, कोठीत किती शिल्लक राहिला, सगळे लिहायचे. वाढण्याआधी चव घ्यायची आणि चवीच्या वहीत सही करायची. मुख्याध्यापक म्हणून मी अशा सह्या वर्षानुवर्षे केल्या. पण पातेल्यातले अन्न ताटात गेल्यावर त्याचे पुढे काय झाले, त्याचा रकाना मी पाहिलेल्या एकाही वहीत नव्हता.

म्हणून आम्ही शाळेत एक बादली ठेवली. किराणा दुकानदाराकडून वजनाचा काटा मागून आणला. आधी रिकाम्या बादलीचे वजन केले. जेवण झाल्यावर ज्याच्या ताटात जे उरले ते त्याने बादलीत टाकायचे. मग भरलेल्या बादलीचे वजन. चौथीची मुले फळ्यावर वजाबाकी करीत. तेवढ्यासाठी गुरुजींनी खडू हातात घ्यायची गरज नाही.

समजा, वजाबाकी करून तीन किलो खिचडी निघाली. शिजताना धान्य पाणी पिते, म्हणून तीन किलो खिचडीत कोरडे धान्य ढोबळ मानाने एक किलो असते. एक किलो म्हणजे १००० ग्रॅम. लहान मुलाचा वाटा १०० ग्रॅम. आता भागाकार करा. दहा मुलांचे जेवण बादलीत गेले! हा हिशेब फळ्यावर उभा राहिला, की मुले गप्प होतात. अन्न टाकू नये, असे आपण त्यांना रोज सांगतो. जेवणाआधी श्लोकही म्हणून घेतो. ते सगळे या कानाने येते आणि त्या कानाने जाते. फळ्यावरचे "दहा मुले" मात्र घरापर्यंत जाते.

ही काही माझी नवी युक्ती नव्हे. महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरवली. त्यातून नयी तालीम निघाली. सेवाग्रामच्या शाळेत मुले पाळीपाळीने स्वयंपाकघर सांभाळीत. धान्य निवडीत, स्वयंपाक करीत, वाढीत आणि त्याचा हिशेबही लिहीत. गणित शिकायचे ते कोठीच्या वहीतून. पुढे पुस्तके जाड झाली आणि कोठीचे गणित मागे पडले. माझ्या मते हे काही चांगले झाले नाही.

पण बादलीत एक उणीव आहे. किती टाकले ते ती सांगते. कोणी टाकले आणि का टाकले, ते सांगत नाही. त्यासाठी प्रत्येक मुलाचे स्वतःचे पान हवे. त्यावर चार रकाने आखायचे. वार कोणता, काय वाढले, किती उरले आणि का उरले. पहिले तीन रकाने भरायला सोपे. खरे काम चौथ्याचे. मुलगा पहिल्या दिवशी लिहितो, "नको होते." दुसऱ्या दिवशी विचारावे, "का रे नको होते?" मग हळूहळू कारणे बाहेर येतात.

कोणी लिहिते, तिखट होते. कोणी लिहिते, खडा लागला. खडा लागला असेल तर चूक मुलाची कशी? ती तांदूळ निवडणाऱ्याची. कोणी लिहिते, खेळायला जायचे होते. मधली सुट्टी लहान असेल तर मुले घास गिळत नाहीत, कोंबतात आणि पळतात. कोणाच्या पानावर "भूक नव्हती" असे पुन्हा पुन्हा येते. त्याला विचारले, की कळते, शाळेत येताना दुकानातून पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा घेतलेला असतो. पुड्याचे पाच रुपये गेले आणि खिचडीही गेली.

एका मुलाच्या पानावर सलग तीन दिवस "अर्धे उरले" असे होते आणि कारणाचा रकाना कोरा. जवळ बोलावून पाहिले तर त्याचे तोंड आले होते. तिखट घास लागला की डोळ्यांत पाणी. लाजेने बोलत नव्हता. त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवले. वही नसती तर आपण म्हणालो असतो, पोरगे माजले आहे, अन्न टाकते.

सगळ्यांत जास्त वेळा आलेले कारण मात्र वेगळेच होते. "जास्त वाढले." स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा हात मोठा आणि मन त्याहून मोठे. पहिलीतल्या सहा वर्षांच्या पोराला आणि पाचवीतल्या दांडग्या पोराला एकच डाव. लहान्याला जात नाही आणि मोठ्याला पुरत नाही. उपाय साधा होता. लहान मुलांसाठी लहान डाव आणला आणि सगळ्यांना सांगून ठेवले, की पुन्हा मागायला कोणी लाजायचे नाही. मागेल त्याला मिळेल. मावशींना आधी वाईट वाटले. म्हणाल्या, "गुरुजी, लेकराला कमी वाढू म्हणता काय?" मी म्हटले, "मावशी, कमी नका वाढू. दोनदा वाढा." मग त्यांना पटले.

दोनदा वाढणे ही गोष्ट मोठी आहे. नीट समजून घ्या. अन्न वाया जाऊ नये म्हणून पोटाला चिमटा काढायचा, असा याचा अर्थ मुळीच नाही. शाळेत अशी मुले असतात, की ज्यांचे दिवसातले खरे जेवण तेच असते. आईबाप पहाटेच मजुरीला गेलेले असतात, घरात चूल थंड असते. पेठ, सुरगाण्याकडची कुटुंबे द्राक्षाच्या हंगामात कामाला निफाड, दिंडोरीकडे येतात. त्यांच्या लेकरांच्या देखत "कमी घ्या, कमी घ्या" असा घोष सुरू केला तर ती बिचारी मागायचीच बंद होतील. बादली हलकी होईल आणि पोरे उपाशी राहतील. असली हलकी बादली काय कामाची?

म्हणून काही गोष्टी मी आमच्या शिक्षकांना बजावून ठेवल्या होत्या. कोणाचे पान मोठ्याने वाचायचे नाही. ज्याचे ताट लख्ख त्याला बक्षीस, असे करायचे नाही. मूल नको म्हणत असेल तर त्याच्या तोंडात घास कोंबायचा नाही. मुलाने आपल्या मागच्या आठवड्याशी आपला हा आठवडा ताडून पाहायचा, शेजाऱ्याच्या पानाशी नाही.

लख्ख ताटाचेही एक सांगतो. एका मुलीचे ताट रोज धुतल्यासारखे असे. पान कोरे, कारण लिहायला उरतच नसे. पण मुलगी सुकत चाललेली. लक्ष ठेवल्यावर कळले, की ती दोन घास खाते आणि उरलेली खिचडी हळूच डब्यात भरते. घरी शाळेत न येणारा लहान भाऊ होता. त्याच्यासाठी. तिला रागावण्यासारखे त्यात काहीच नव्हते. तिला सांगितले, "आधी तू पोटभर जेव, मग पातेल्यात उरेल त्यातले भावासाठी ने." भावाचे नाव अंगणवाडीत घातले, तिथे त्याला आहार मिळू लागला. कोरे पान पाहून आनंदून जाऊ नये, ते यासाठी.

आता ही वही घरी न्या. "आमच्याकडं काही वाया जात नाही" या वाक्याचा उलगडा घरीच होतो.

घरात उरलेले जाते कुठे? थोडे वासराला, थोडे कुत्र्याला. बाकीचे कोण खाते? रात्रीच्या दोन भाकरी उरल्या. सकाळी गरम भाकरी थापल्या. मालकाला गरम, पोरांना गरम, सासऱ्यांना गरम. घरची बाई काय म्हणते? "शिळी कशाला टाकू, मी खाते." ती शिळी खाते. मग तिच्या वाट्याच्या गरम भाकरी उरतात. त्या संध्याकाळी शिळ्या होतात. त्याही तीच खाते. पुन्हा तिच्या वाट्याच्या उरतात. बघा म्हणजे! ती बाई कायम एक वेळ मागे जेवते. एकदा दोन भाकरी जास्त झाल्या, त्या तिच्या ताटात वर्षभर फिरत राहतात. पोरांची उष्टी आमटीही तिच्याच पदरात. आणि आपण ऐटीत सांगतो, की आमच्याकडे वाया जात नाही.

म्हणून घरच्या वहीत पाचवा रकाना घाला. "उरलेले कोणी खाल्ले?" मुलांना हा रकाना भरायला सांगा. आठ दिवसांत त्या रकान्यात "आई, आई, आई" असे खाली खाली उतरत जाते. ते पान बापाने एकदा वाचावे. तो वाचायला शिकला आहे ना?

ही साखळी तोडायला एक वेळ पुरते. एका संध्याकाळी दोन भाकरी कमी थापायच्या आणि उरलेल्या सगळ्यांनी वाटून खायच्या. फोडणी देऊन कुस्करा केला तर पोरे मागून खातात. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ताजे. पुढे पीठ मळण्याआधी मुलाने घरभर फिरून विचारायचे, "जेवायला कोण कोण आहे? कोणाला किती भाकरी?" आकडा आईला सांगायचा. पाहुणा आला तर जास्तीची थापायला किती वेळ लागतो? दहा मिनिटे.

जुनी माणसे म्हणतील, याला वही कशाला हवी? त्यांचे खरे आहे. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, त्यांना वही नको. त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, रेशनवरची तांबडी मिलो दळून तिच्या भाकरी केल्या. त्याच्याही आधी, १९६५ साली, पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडा, असे देशाला सांगितले होते. पुष्कळांनी सोडले. त्या माणसांच्या हातून आजही शीत खाली पडत नाही. पण कामावर खडी फोडणारे ते तरुण आता सत्तरीत गेले. त्यांच्या नातवंडांना मिलो म्हणजे काय ते माहीत नाही. माहीत नाही हे चांगलेच. मात्र दुष्काळाने जे शिकवले, ते आता दुष्काळावाचून शिकवायचे आहे. त्यासाठी वही.

लग्नातल्या जेवणाचे इथे लिहायला बसलो तर दुसरा पाठ होईल. एवढेच म्हणतो, की पंगतीत वाढपी आग्रह करीत असे, बुफेत माणूस स्वतःच स्वतःला आग्रह करतो.

आणि हे फक्त आपल्या गावचे नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण विभागाने २०२४ साली एक अहवाल काढला. त्यातल्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. हॉटेले आणि दुकाने जास्त टाकत असतील असे आपल्याला वाटते. पण त्यातले शेकडा ६० घराघरांतले होते. आपल्या देशात घरी वाया जाणारे अन्न माणशी वर्षाला ५५ किलो धरले आहे. त्यात साली, देठ, हाडे हेही आले, म्हणून घाबरून जाऊ नका. तरी दिवसाला दीडशे ग्रॅम पडतात.

आणि भाकर टाकली म्हणजे नुसती भाकर जात नाही. एक किलो तांदूळ पिकायला जगाच्या सरासरीने साधारण अडीच हजार लिटर पाणी लागते. ज्या गावात मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्या गावाने हा आकडा वाचून पाहावा. शहरात हेच उरलेले अन्न कचऱ्याच्या ढिगाखाली दबून सडते. तिथे त्याला हवा मिळत नाही. त्यातून मिथेन नावाचा वायू निघतो आणि तो हवा तापवतो. हाच वायू गोबरगॅसच्या टाकीत धरला तर त्यावर स्वयंपाक होतो.

शेवटी शिळ्याविषयी एक सावधगिरी. वाया जाऊ नये म्हणून वाटेल ते खाऊ नये. भाकरीचे एक, भाताचे दुसरे. शिजवलेला भात उन्हाळ्यात रात्रभर उघड्यावर राहिला तर त्यात जंतू वाढतात आणि ते विष सोडतात. भात पुन्हा गरम केला तरी ते विष जात नाही. उलट्या होतात. असा भात आईनेही खायचा नाही आणि पोरांनाही द्यायचा नाही. खिचडी आणि आमटी आंबल्याचा वास आला तर तेच. भात उरणार असे वाटले तर ताजा असतानाच शेजारी द्यावा. तेही जमले नाही तर सकाळी खताच्या खड्ड्यात टाकून वर माती घालावी. आणि त्या वारापुढे वहीत लिहावे, "भात, तीन मुठी, खड्ड्यात."